तळीतले खवले

माझ्या पहिल्या वहिनीने श्रावणात मासळी खाल्ली नव्हती. एवढं एक वाक्य लिहायला मला म्हातारपण यावं लागलं. आमच्या घरात ती गोष्ट आजही हसत सांगितली जाते. गेल्या श्रावणात चुलतभावाच्या मुलाने घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हॉटेलातल्या तळलेल्या सुरमईचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘शालिनीकाकू स्पेशल’. लगेच हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. त्यांतल्या एकानेही तिला पाहिलेलं नाही. आई-आबा गेले, दादा गेला, तीही गेली. तिच्या जाण्याची बातमी मला चेंबूरच्या एका ओळखीच्या माणसाकडून कळली, आणि मी गेलो नाही. ही गोष्ट घरात कुणी आणली हे ठाऊक असणारा मी एकटा उरलो आहे. मीच ती आणली.

आमचं घर मुलुंडला होतं. आबा मालवणकडचे, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांवरचा मुकादम. चाळीतून बाहेर पडून त्यांनी जमिनीचा हा तुकडा घेतला तेव्हा सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं होतं, कारण तिकडे तेव्हा गवत आणि साप याखेरीज काही नव्हतं. आता तिथे टॉवर आहे आणि आमच्या परसाच्या जागी गाड्या उभ्या राहतात. परस लांबट होतं. स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी मासळी साफ करायचा दगड, त्याच्या शेजारी तळी, मग कढीपत्ता, जास्वंद, आणि पार टोकाला कुंपणाशी एकुलता एक माड. तळी आबांनी आणि दादाने स्वतः खणली, सिमेंटने बांधून घेतली. कमरेइतकी खोल, गोल. आबा गावाहून देवळाच्या तळीचं पाणी तांब्याच्या कळशीत भरून, एसटीत मांडीवर धरून घेऊन आले आणि आमच्या खड्ड्यात ओतलं. त्या दिवसापासून तो खड्डा तळी झाला. तिचं पाणी कधीही पूर्ण उपसायचं नाही असा आबांचा हुकूम होता, कारण उपसलं तर गावचं पाणी गेलं. त्यात पांढरी कमळं होती, ती देवाला जायची, आणि थोडे लाल मासे होते. आम्ही दुपारी बांगडे खाऊन उठायचो आणि हात न धुता त्या माशांना भाताची शितं टाकायला जायचो. यातलं विचित्र काही कुणाला कधी जाणवलं नाही.

वर्षातून एकदा तळीला मान असायचा. गावाकडे गौर पाणवठ्यावरून घरात येते, म्हणून आमच्याकडे तेरड्याची जुडी तळीच्या काठावर ठेवून तिथून वाजतगाजत आत आणायचे. एरवी रोज सकाळी आई पाट्यावर वाटप वाटत असे, त्याची घरघर, मधूनच कारखान्यांचे भोंगे, दादाचा रेडिओ, आणि चुलीवर तिरफळं घातलेल्या कालवणाचा वास. हे सगळं मी इतक्या प्रेमाने लिहितो आहे याचं मलाच नवल वाटतं, कारण त्या घरात मी बहुतेक वेळ घाबरलेला असायचो. आबांच्या खुंटीवर काथ्याची दोरी टांगलेली असे. ती विहिरीसाठी नव्हती. विहीर आम्हाला नव्हतीच. ती माझ्यासाठी होती. दादा हुशार, कारखान्यात ड्राफ्ट्समन. मी मॅट्रिकला आपटलेला. संध्याकाळी आबा आले की माझं पुस्तक मागायचे, मी अडखळायचो, आणि मग दोरी खाली यायची. काथ्या ओला केला की जास्त लागतो, हे आबांना ठाऊक होतं.

दादाचं लग्न ठरलं तेव्हा परसात एक खोली वाढवली. तिच्या उरलेल्या विटा, रेती आणि फुटकी कौलं यांचा ढीग मागच्या दारापासून माडाकडे जाणाऱ्या वाटेवर तसाच पडून राहिला. हा ढीग महत्त्वाचा आहे. शालिनीवहिनी चेंबूरची, वडील शाळेत कारकून. ती उंच होती, काम करताना गुणगुणायची, आणि दादाच्या पाचकळ विनोदांनाही मनापासून हसायची. मला ती भाऊजी म्हणायची आणि अहोजाहो करायची. मला तोवर गाढव आणि मेल्या याखेरीज कुणी काही म्हटलं नव्हतं. ती आल्यावर मासळी साफ करायचं काम आईकडून तिच्याकडे गेलं. मासळी धुतलेलं पाणी माडाला घालायची आमच्याकडे पद्धत. त्यावर माड पोसतो. पूर्वी आई ती बादली स्वतः नेऊन ओतायची. आता बादली माझ्याकडे आली. रक्ताचं, खवल्यांचं, कल्ल्यांचं ते पाणी घेऊन विटांचा ढीग वळसा घालून टोकापर्यंत जायचं मला जिवावर यायचं. तळी हाताशी होती. एकदा इकडेतिकडे बघून मी बादली तिच्यात उपडी केली. मासेच ते, मासळीच्या पाण्याने त्यांना काय होणार, असं वाटलं. मग रोजच तसं करू लागलो. खवले तळाशी बसायचे, कुणाला दिसायचे नाहीत.

पाणी आधी तांदळाच्या धुवणासारखं झालं, मग पातळ कढीसारखं. कमळाची पानं बुळबुळीत झाली. लाल मासे तोंडं वर काढून हवा गिळू लागले आणि एकेक करून पोट वर करून तरंगले. आई कमरेवर हात ठेवून काठावर उभी राहिली आणि म्हणाली, “पाणी आपसूक खराब होणा नाय. घरात नवीन काय इला, ता बघा.”

घरात नवीन एकच होतं. आईने पहिल्याच दिवशी निकाल लावला की सून बाहेरची असताना, म्हणजे महिन्याच्या त्या दिवसांत तिने बाजूला बसायचं असताना, फुलं काढायला तळीवर गेली आणि तिचा हात पाण्याला लागला. वहिनी म्हणाली, मी खोलीबाहेर पाऊलही टाकलं नाही. आई म्हणाली, मग मासे का मेले? याचं उत्तर माझ्याकडे होतं. मला तेव्हा खरं कारण कळलं नव्हतं असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. अर्धं कळलं होतं. उरलेलं अर्धं कळू नये म्हणून मी प्रयत्न करत होतो.

शिक्षा आईने जेवता जेवता सांगितली. पाणी निवळेपर्यंत सुनेने स्वयंपाकघरात यायचं नाही, देवाला हात लावायचा नाही, जेवण मागच्या पायरीवर, ताट वेगळं. मासळी धुवायला मात्र ती चालणार होती, कारण तो दगड दाराबाहेर होता. आणि खरा घाव शेवटी. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला नव्या सुनेने माहेरहून आलेल्या सुपांनी गौरीला ओवसायचं असतं. आमच्या लोकांत तो ओवसा झाल्याशिवाय सून घरची होत नाही. तोवर ती पाहुणी. आई म्हणाली, जिने पाणी नासवलं तिच्या हाताने त्या पाण्यावरून गौर घरात येणार नाही. गौरीपर्यंत निवळलं तर ठीक, नाहीतर तिने चेंबूरला जावं आणि तिथेच राहावं. दादा म्हणाला, “आई, काय हे, कुठल्या जमान्यात आहेस?” आणि मग त्याने आणखी भात मागितला. दादाचा विरोध नेहमी एका वाढपापुरता असायचा.

म्हणून वहिनी पाणी निवळवायला बसली. उपसायची बंदी होती, त्यामुळे घाण तेवढी काढायची आणि पाणी तसंच ठेवायचं. ती साडी खोचून आत उतरायची, जुन्या पातळाची झोळी करून तळचा गाळ काढायची आणि तो जास्वंदीच्या बुंध्याशी टाकायची. त्यात खवले असणारच. पण वास सगळ्याच गाळाला होता, आणि घरात रोज मासळी असताना परसात खवले दिसले तर त्यात कुणाला काय वाटणार? तुरटीचा मोठा खडा दोरीला बांधून ती तळीभोवती फिरायची. कुणीतरी सांगितलं म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातून निवळीच्या बिया आणल्या आणि सहाणेवर उगाळून त्यांचं पाणी सोडू लागली. कुंपणापलीकडची बाई विचारायची, “काय गं शालिनी, समुद्र गाळतेस का?” वहिनी हसायची आणि म्हणायची, “आधी हा गाळून बघते, मग तो.” रात्रीतून पाणी जरा बसायचं. सकाळी ती वाकून बघायची आणि तिला तळाचा एखादा दगड दिसायचा. मग दुपार व्हायची, बांगडे किंवा मांदेली यायची, ती स्वतःच ती धुवायची, बादली माझ्या हातात द्यायची, “भाऊजी, सांभाळून, निसरडं आहे,” असं बजावायची आणि हात धुवायला नळावर जायची.

याच दिवसांत आबांनी माझं पुस्तक मागायचं सोडलं. संध्याकाळी आल्यावर ते आधी तळीवर जायचे, तिथून सुनेच्या माहेराचा उद्धार करत परत यायचे, आणि जेवेपर्यंत तेच चालायचं. दोरी खुंटीवरच राहायची. मी माझ्या जागी बसून भाकरी मोडायचो आणि मला फार शांत वाटायचं. घरात कुणीतरी एक धरलेला लागतो, आणि तो मी नव्हतो.

मग श्रावण लागला. आमच्याकडे श्रावणात मासळी बंद. काळ्या वाटाण्याची उसळ, आंबोळ्या, अळूचं फदफदं. बादली कोपऱ्यात कोरडी पडली. आणि तळी निवळू लागली. दर दिवशी थोडी जास्त, तुरटीने निवळली होती त्यापेक्षा खूप पुढे. गणितात मी नापास असलो तरी हे गणित मला सुटलं. वहिनीला वाटलं, निवळीच्या बियांनी काम केलं. उरलेला एक मासा कमळाखालून बाहेर आला तेव्हा ती काठावर बसून त्याच्याशी बोलत होती. आईने तिला स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून नारळ खवायची परवानगी दिली. चेंबूरहून ओवशाची नवी कोरी सुपं आली आणि माजघरात उभी राहिली. त्यांना बांबूचा ओला वास होता. एका संध्याकाळी आबा तळीवरून हसत आत आले. त्यांना हसताना पाहून मी उठून उभाच राहिलो. ते वहिनीला म्हणाले, “पाणी निवळवलंस. आता ह्या गाढवाचा डोक्या निवळव.”

दुसऱ्या दिवसापासून ती मला शिकवू लागली. ती चांगलं शिकवायची, घाई करायची नाही, आणि त्यामुळेच माझं सगळं अज्ञान नीट उघडं पडायचं. काही दिवसांनी आबांनी तिला विचारलं, कसा आहे? तिला आमच्या घरात खोटं किती उपयोगी असतं हे अजून कळलं नव्हतं. ती म्हणाली, “मागच्या इयत्तेपासून सुरुवात करावी लागेल, पण होईल.” आबांनी ‘पण होईल’ ऐकलं नाही. दोरी आली, बादलीत बुडवली गेली. वहिनी मध्ये पडली, “मामंजी, पुरे, माझं चुकलं,” म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला बाजूला केलं आणि पुन्हा सुरू केलं. नंतर तिने माझ्या पाठीला खोबरेल लावलं. तिचे डोळे भरले होते. मारापेक्षा मला ते जास्त लागलं. तिने मला तसं पाहिलं होतं, याचा मला तिच्यावर राग आला. मारणाऱ्यावर राग धरायची माझी हिंमत नव्हती.

मी बाजारात गेलो. आम्ही खात नसलो तरी खाणारे होतेच, कोळणी बसायच्या. एकीला म्हटलं, माडाला हवंय, आणि डालड्याच्या डब्यात तिच्या टोपलीखालचं पाणी भरून घेतलं. खवले, आतडी, सगळं. कोळीण म्हणाली, “ने रे बाबा, पुण्य लागेल तुला झाडाचं.” दुपारी आई झोपली होती आणि वहिनी रेशनच्या रांगेत होती, तेव्हा मी तो डबा तळीत ओतला. दोन-तीनदा ओतला. पाणी पुन्हा कढीसारखं झालं. मला एवढंच हवं होतं की आबांनी संध्याकाळी पुन्हा आधी तळीवर जावं. त्यापुढचा विचार मी केला नव्हता, आणि तो केला असता तरी मी थांबलो असतो असं मी इथे लिहिणार नाही.

पण कोळणीचे खवले मोठे होते, आणि श्रावणात ते लपले नाहीत. पिठोरीच्या दिवशी सकाळी आईला पाण्यावर खवले तरंगताना दिसले. तिने ते एकेक वेचून केळीच्या पानावर ठेवले. ओरडली नाही. दिवसभर ते पान माजघरात सुपांच्या शेजारी पडून राहिलं आणि वहिनी त्याच्याजवळून ये-जा करत राहिली. पिठोरीला आई मुलांसाठी उपास करते, संध्याकाळी खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून पाठमोरी उभी राहते आणि विचारते, “अतीत कोण?” मुलाने मागून “मी” म्हणायचं आणि ताट घ्यायचं. दादाने म्हटलं, मग मी म्हटलं. खीर तोंडात असतानाच आईने पान आबांपुढे ठेवलं.

आईचं म्हणणं साधं होतं. श्रावणात घरात मासळी आली नाही, मग खवले आले कुठून? सून चोरून आणते, खोलीत खाते आणि घाण तळीत टाकते. म्हणूनच पाणी निवळत नव्हतं. आबांचा चेहरा पांढरा पडला. त्या घरात विटाळ एक वेळ माफ झाला असता, पण देवाच्या पाण्यात श्रावणातली मासळी म्हणजे सगळं संपलं. वहिनी म्हणाली, “मी खाल्लं नाही. खवले कुठून आले मला माहीत नाही.” मग म्हणाली, “विटांच्या मागे एक डालड्याचा डबा आहे, त्याला वास येतो. तो माझा नाही.” आणि तिने माझ्याकडे पाहिलं. आरोप नव्हता त्यात. मी काहीतरी बोलेन अशी तिची खात्री होती.

आईने मला विचारलं, “बाबल, तू काय बघितलंस?”

आबांचा हात खुंटीच्या बाजूला होता. कदाचित सहज असेल. मी म्हणालो, “वहिनी खात होती. खोलीच्या मागे. तळलेली तुकडी होती, कागदात.” कुणी कागदाबद्दल विचारलं नव्हतं. तो मी माझ्या मनाने घातला, आणि त्या कागदामुळेच सगळ्यांचा विश्वास बसला.

दादाने तिच्याकडे पाहिलं, तिने दादाकडे पाहिलं. ती एवढंच म्हणाली, “अहो, तुम्ही तरी.” दादा उठून हात धुवायला गेला.

सकाळी तो तिला चेंबूरला पोचवून आला. निघताना आई दारात नव्हती. मी परसात डबा लपवायला गेलो होतो, तिथे ती तिच्या खोलीतून ट्रंक घेऊन बाहेर आली. डबा माझ्या हातात होता. तिने तो पाहिला. मी वाट पाहत उभा राहिलो की आता ती हाक मारील. ती म्हणाली, “पाठीला तेल लावत जा. सुकलं की चिरतं.” आणि गेली.

मी पुन्हा काही ओतलं नाही, गरजच नव्हती. गौर आली तोवर पाणी इतकं निवळलं की तळाचे दगड वेगवेगळे दिसत होते. बायकांनी काठावर तेरडा ठेवला, आईने स्वतः गौर उचलली, आणि जमलेल्या सगळ्यांना पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, “ता गेला आणि पाणी निवाळला. आता काय सांगूचा?” ‘ता’ म्हणजे सून. बायकांनी माना डोलावल्या. गौरीला ओवसायला शेजारची सून बोलावली. चेंबूरच्या सुपांत आईने तांदूळ पाखडायला घेतले. आबांनी त्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, पोरगा अभ्यासात कच्चा असेल, पण खोटं बोलणारा नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. हे लिहायला हात वळत नाही, पण तो आनंदाचाच होता.

गणपती गेल्यावर दादा एका सकाळी कपडे करून परसात आला. हातात पिशवी होती. मी जास्वंदीला पाणी घालत होतो. तो म्हणाला की तो चेंबूरला चालला आहे, तिला घेऊन येणार, आईला जे करायचं ते करू दे, वेगळी खोली घेऊन राहू. त्याने असं ठाम बोललेलं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही. जाता जाता तो तळीपाशी थांबला आणि आत बघत राहिला. पाणी स्वच्छ होतं. मग पाण्याकडेच बघत त्याने विचारलं, “बाबल, खरं सांग. तू बघितलंस ना रे नक्की?”

तिथे आई नव्हती, आबा नव्हते. दोरी आत खुंटीवर होती, आणि दादाने मला आयुष्यात कधी चापटही मारली नव्हती. मी खरं बोललो असतो तर त्याने मला काही केलं नसतं. तो फक्त गेला असता, आणि घरात मी उरलो असतो.

“हो,” मी म्हणालो. “नक्की.”

दादाने मान हलवली. पिशवी पायरीवर ठेवली, खाली बसून एकेक करून बुटांच्या नाड्या सोडल्या, आणि आत जाऊन आईला विचारलं की चहा झाला का.